बुखारीबरोबर फुकट

“हे तुम्ही खरं मानणार नाही, मास्तर. गावात आजवर कुणी मानलेलं नाही, आणि तुम्ही तर पेपरातलं हवामानसुद्धा खोटं धरून चालता. पण बर्फावरच्या हॉकीत माझी अदलाबदल झाली होती. एका टीमनं मला दुसऱ्या टीमला देऊन टाकलं. तेही एकट्याला नाही. एका शेगडीबरोबर.”

गुलाबराव मास्तरांनी रिमोट उचलला आणि आमच्या टीव्हीचा आवाज बंद केला.

मास्तर आमच्या हायस्कुलात पीटी शिकवायचे. रिटायर झाल्यापासून कबड्डीचे सामने बघायला ते आमच्याकडं येतात, कारण त्यांच्या घरी त्या वेळेला सुनेची मालिका असते. त्या संध्याकाळी टीव्हीवर बातमी आली होती, की कुठल्याशा टीमनं आपला पहिल्या नंबरचा चढाईवाला दिला आणि बदल्यात एक पकडवाला घेतला. मास्तरांनी जागच्या जागी निकाल देऊन टाकला. “फसले! सोनं दिलं आणि पितळ घेतलं. पकडवाल्याला कोण विचारतो?”

मी जन्मभर पकडी खेळलेला माणूस. कोपऱ्यात उभं राहायचं, चढाईवाला अंगावर आला की खाली बसायचं आणि त्याचा घोटा धरायचा, एवढी एकच विद्या मला येते. माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन कुणी पकडवाल्याला पितळ म्हणालं, तर गप्प राहणारा मी नव्हे.

“बर्फावर हॉकी, सुभेदार?” मास्तर म्हणाले. “मागच्या आठवड्यात तर तुम्ही खेचरांच्या पलटणीत होता. एका खेचरानं लाथ घातली आणि तुमचा जबडा डावीकडं गेला, तो अजून परत आला नाही.”

“फौजेत बदल्या होतात, मास्तर.”

पडवीत बायको, आमची हौसा, चिंचा फोडत बसली होती. दगडाचा ठक्-ठक् आवाज चालू होता. तो थांबला नव्हता, म्हणजे माझं अजून बरं चाललं होतं.

मी तेव्हा लेहला सप्लाय कंपनीत लान्सनायक होतो. सप्लायचं काम म्हणजे पलटणींचं दाणापाणी बघणं. पीठ, डाळ, रॉकेल, अंडी. थंडीत तिथला रस्ता बर्फानं बंद होतो. मग नवा माणूस येत नाही आणि जुना जात नाही. विमान आलं तर आलं, तेही आभाळ मोकळं असेल त्या दिवशी. आणि थंडी अशी, की सकाळी भरलेली चूळ खाली पडून फुटायची.

“फुटायची?”

“काचेसारखी. अनवाणी चालायची सोय नव्हती.”

“त्या थंडीत अनवाणी कोण चालणार होतं?”

मी पुढं गेलो.

लेहबाहेरचं एक तळं गोठलं, की फौजेतले लोक त्याच्यावर हॉकी खेळत. बुटाच्या तळाला लोखंडी पातं ठोकायचं आणि घसरत पळायचं. हातात वाकडी काठी. चेंडूऐवजी रबराची काळी चकती, तिला पक म्हणतात. आकारानं पुरीएवढी, पण गारठ्यानं अशी कडक होते, की लागली तर माणूस आई सोडून आजीला हाक मारतो. आमच्या मेजर सोधीसाहेबांनी मला गोलात उभं केलं. कारण साधं होतं. त्या पात्यांवर मला धड चालता येत नव्हतं, आणि गोलकीपरला फारसं हलावं लागत नाही अशी साहेबांची समजूत होती. पायाला क्रिकेटचे पॅड, छातीला गादीचा तुकडा, डोक्याला मोटरसायकलचं हेल्मेट. तोंड तेवढं उघडं.

पहिलाच सामना इंजिनियर कंपनीशी. त्यांच्याकडं नुर्बू नावाचा शिपाई होता, तिथलाच, लडाखी. तो पाळण्यातून उतरला तो थेट बर्फावर. पक घेऊन निघाला, की आमची माणसं वाटेत असून नसल्यासारखी. सगळ्यांना ओलांडून तो एकटा माझ्या अंगावर आला. आता माणूस अंगावर आला, की पकडवाल्याला काय दिसतं?

“घोटा,” मास्तर म्हणाले. शेवटी मैदानावरचा माणूस.

“घोटा! पक मला दिसलाच नाही. मी झेप घेतली आणि दोन्ही हातांनी त्याचा घोटा धरला. आम्ही दोघं घसरत घसरत पार तळ्याच्या काठाला लागलो. मी ओरडतोय, ‘बाद! बाद!’ आणि मागं तो पक आपला एकटाच, सावकाश, पाहुण्यासारखा गोलात शिरला.”

मास्तरांच्या बशीतला चहा सांडला.

“पुढच्या सामन्याला मी मनाशी शपथ घेऊन गेलो होतो, की नुर्बूला हात लावायचा नाही.”

“मग?”

“नाही लावला. पंचाचा घोटा धरला.”

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्या साली ब्रिगेडियरसाहेबांनी जाहीर केलं, की शेवटचा सामना जी कंपनी जिंकेल, तिच्या टीमला सुट्टीवर जायला पहिल्या विमानात जागा मिळेल. ज्यानं तिथं थंडी काढली नाही, त्याला या जागेची किंमत कळायची नाही. सुट्टी मंजूर होऊनही माणसं रोज सकाळी बिस्तरा बांधून आभाळाकडं बघत बसायची आणि दुपारी बिस्तरा सोडायची.

आणि माझं लग्न ठरलं होतं. फाल्गुनात.

मुलगी शेजारच्या गावची. मी तिला एकदाच बघितलं होतं, तेही पाठमोरं, विहिरीवरून हंडा घेऊन जाताना. मी वडिलांना कळवलं, की बर्फानं अडकलो तर तारीख पुढं ढकला. माझे वडीलही फौजेत आयुष्य काढलेले. त्यांचं उलट उत्तर आलं. तारीख हलणार नाही. तू पोचलास तर तू, नाहीतर कट्यार.

आमच्या भावकीत ही जुनी रीत आहे. नवरा पलटणीत अडकला तरी मुहूर्त मोडत नाहीत. देवघरातली कट्यार पाटावर ठेवतात, तिला मुंडावळ्या बांधतात आणि नवरीचं लग्न कट्यारीशी लावतात. माझ्या एका चुलत्याचं तसंच लागलं होतं. मरेपर्यंत त्याला एकच दुःख होतं, की आपल्या लग्नातली बुंदी आपल्याला मिळाली नाही. मला ते नको होतं. माझ्या लग्नाला मला हजर राहायचं होतं, एवढंच माझं मागणं. शेवटचा सामना दर साली सप्लाय कंपनीच जिंकत आलेली. त्यामुळं मनातल्या मनात मी त्या विमानात जाऊन बसलोसुद्धा होतो. खिडकीशी.

मग एका सकाळी सोधीसाहेबांनी बोलावलं.

“निकम, बिस्तरा बांध. तुला इंजिनियर कंपनीला अटॅच केलंय. नुर्बू आपल्याकडं येतोय.”

माझी छाती फुगली. “माझ्या बदल्यात नुर्बू, साहेब?”

साहेब हसले असते तर बरं झालं असतं. ते हसले नाहीत. “तुझ्या नाही, बुखारीच्या बदल्यात. त्यांच्या बराकीतली बुखारी फुटलीय. नवी फक्त आपल्या स्टोअरमध्ये आहे. त्यांचा गोलकीपर आजारी पडलाय, म्हणून सोबत तुलाही दिला.”

बुखारी म्हणजे रॉकेलवर जळणारी उभी पत्र्याची शेगडी. वर धुराडं असतं. थंडीत अख्खी बराक तिच्याभोवती जगते.

“म्हणजे मी बुखारीबरोबर?”

“बुखारीबरोबर.”

“फुकट?”

“फुकट कसा? मी थोडं रॉकेलही दिलंय. तू त्या रॉकेलमध्ये धर.”

मास्तर, मी सॅल्यूट ठोकला. पण तोंडातून गेलंच. “साहेब, माफी असावी. शेवटच्या दिवशी तळ्यावर तुम्हीच म्हणाल, की बुखारी फुकट होती, किंमत निकमची होती.”

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. “बुखारी ओढून न्यायला हातगाडी घेऊन जा,” ते म्हणाले.

“म्हणजे शेगडी तुम्हीच ओढत नेली?” मास्तरांनी विचारलं.

“मीच. बैलाला आपल्याच बाजाराला गाडी ओढत जावं लागतं, तसा.”

दोन्ही छावण्यांच्या मध्ये एक चढ होता. त्या चढावर हातगाडी अडकली. वर बुखारी, बुखारीवर माझा बिस्तरा, खाली बर्फ. समोरून नुर्बू आला. पाठीवर बिस्तरा, हातात हॉकीची काठी, तोंडावर तेच शांत हसू. मला ते हसू आवडत नव्हतं. या माणसामुळं माझं विमान गेलं होतं.

“मराठा,” तो हिंदीत म्हणाला, “ही ती बुखारी?”

“हीच. बघून घे. तुझी किंमत आहे ती.”

तो गाडीभोवती फिरला. बोटानं पत्रा वाजवून बघितला. “चांगली आहे,” म्हणाला. “मला वाटलं जुनी देतील.”

मला हसू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. “तू निदान बदल्यात तरी चाललायस. मी वरकड आहे. भाजीवर कोथिंबीर देतात तसा.”

“मग तू माझ्यापेक्षा मोठा,” नुर्बू म्हणाला. “बुखारी माझ्याएवढी, आणि वर तू. म्हणजे माझ्याएवढा एक आणि एक तू.”

त्यानं काठी आणि बिस्तरा गाडीवर टाकला आणि मागून खांदा लावला. चढ संपेपर्यंत आम्ही दोघांनी आमचीच बुखारी ढकलली. चढावर मी त्याला माझ्या लग्नाचं सांगितलं. कट्यारीचं ऐकून तो थांबला.

“कट्यार नवरा? आणि तू पोचल्यावर?”

“पोचल्यावर कट्यार देवघरात, मी घरात.”

“तर मग जिंक,” तो म्हणाला.

“तू असताना?”

“मी सोडणार नाही हां. मी खेळणार.” त्यानं गाडीवरची काठी उचलली. “पण तू घोटा धरू नको. घोटा धरलास की पंच मला गोल देतो. हात आवर, मराठा. बाकी तू बरा आहेस.”

त्या दिवसापासून लेहमधल्या साऱ्या लंगरांमध्ये, म्हणजे फौजी स्वयंपाकघरांत, एकच चर्चा. अदलाबदलीत कोण जिंकलं? आणि चर्चा तरी कसली, एकमत. सप्लायला नुर्बू मिळाला. इंजिनियरांना शेगडी मिळाली, आणि शेगडीवर ठेवायला एक भांडं. ते भांडं म्हणजे मी. मला बघून स्वयंपाकी विचारायचे, “निकम, आज तुझ्यात डाळ शिजवू का भात?” माझ्या जुन्या कंपनीतली माणसं रस्त्यात भेटली, की हात पुढं करून शेकायची. माझ्यासमोर! जणू मीच बुखारी.

“आणि तुम्ही?”

“मी म्हणायचो, शेका बाळांनो, शेका. शेवटच्या दिवशी चटका बसेल.”

इंजिनियर कंपनीचे कॅप्टन कुट्टप्पा हे कूर्गचे. उंच, काटक, कमी बोलणारे. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “तुला काय येतं?”

“पकड येते, साहेब.”

“पकड इथं चालत नाही.”

“मग काही येत नाही, साहेब.”

ते मान हलवून निघाले, तसा मी धीर करून विचारलं, “साहेब, आपण नुर्बू का दिला? सगळे हसताहेत. शेगडीसाठी असला गडी कुणी देतो का?”

कुट्टप्पासाहेब मला बराकीत घेऊन गेले. बुखारी नुकतीच पेटली होती. माणसं तिच्याभोवती इतकी दाटून बसली होती, की आग दिसतच नव्हती, फक्त पाठी दिसत होत्या. एका पोराच्या हातांना फडकी गुंडाळलेली होती. फडक्यातून बाहेर आलेली बोटं काळसर पडली होती.

“बुखारी फुटल्यापासून हे असं चाललंय,” साहेब हळू म्हणाले. “हॉकी हरलो तर मला वर बोलणी बसतील. ती खाईन. यांची बोटं गेली तर मी यांच्या आयांना काय सांगू? नुर्बूला विचारूनच दिला मी. तो म्हणाला, साहेब, द्या.”

त्या दिवसापर्यंत मला विमानासाठी जिंकायचं होतं. त्या दिवसापासून मला सोधीसाहेबांना हरवायचं होतं. स्टोअरमध्ये पडून असलेली शेगडी जो माणूस अशी विकतो, त्याच्या कपाळावर ती हार लिहायची होती. विमान होतंच. पण आता विमानाच्या पुढंही काही होतं.

“मग तयारी,” मी मास्तरांना म्हणालो. “माझे हात आवरायचे कसे, हाच प्रश्न. हात मोकळे असले की घोट्याकडं जाणार. कुट्टप्पासाहेबांनी तोड काढली. उजव्या हातात काठी दिली, ती मनगटाला सुतळीनं बांधली. आणि डाव्या हातात काय दिलं असेल?”

“काय?”

“लंगरच्या मोठ्या पातेल्याचं झाकण.”

“सुभेदार!”

“देवाशपथ. पितळी. मधोमध कडी. त्यात हात घालायचा आणि ढालीसारखं धरायचं. रोज दुपारी सगळी बराक तळ्यावर जमायची आणि माझ्यावर मारा करायची. पक दोनच होते, म्हणून अंडी वापरायचो.”

“अंडी?”

“गोठलेली. तिथलं अंडं हातोड्यानं फुटत नाही. फेकलं की झाकणावर आपटून परत जायचं. जी फुटायची त्यांची दुसऱ्या दिवशी भुर्जी. मी कुठल्या दिवशी किती अडवले, ते सकाळच्या नाश्त्यावरून कळायचं. भुर्जी कमी, म्हणजे निकम सुधारतोय… नाही, उलटं. भुर्जी जास्त, म्हणजे…”

“ठरवा एकदा,” मास्तर म्हणाले.

ठक्-ठक्-ठक्. हौसाचा दगड जरा जोरात पडू लागला होता.

पण त्या तयारीत एक गोष्ट झाली, मास्तर. काळ्या बोटांचा तो पोरगा बरा होऊन काठाला येऊन बसू लागला. मी एखादं अंडं अडवलं, की तो दोन्ही हातांनी टाळ्या वाजवायचा. दहाच्या दहा बोटं शाबूत. प्रत्येक वेळी मला वाटायचं, सोधीसाहेबांनी हे बघायला पाहिजे.

शेवटचा सामना आला. तळ्याभोवती माणूस मावेना. एका बाजूला ब्रिगेडियरसाहेबांची खुर्ची. सप्लायवाल्यांनी गाणी म्हणायला सुरुवात केलेली. आमच्या बाजूला, तुम्ही खोटं समजाल, पण आमच्या बराकीतल्या माणसांनी बुखारी उचलून आणली होती. धुराड्यासकट. पेटती. काठावर ठेवली आणि तिच्याभोवती उभी राहिली. सप्लायवाले हसले. आमची माणसं हसली नाहीत.

खेळ बरोबरीत चालला. त्यांचे दोन, आमचे दोन. त्यांचे दोन्ही नुर्बूचे. खरं सांगतो, त्या दोन्ही वेळेला तो कधी आला आणि कधी गेला हेच मला समजलं नाही. सोधीसाहेब काठावर हात मागं बांधून उभे. ऊन डोंगरामागं गेलं तसा पंच घड्याळाकडं बघायला लागला. आणि नुर्बूनं आमच्या माणसाकडून पक काढून घेतला.

वाटेत कुणी नव्हतं. तो होता, मी होतो आणि मधे बर्फ.

तो डावीकडं झुकला. मीही झुकलो, आणि तिथंच फसलो, कारण तो उजवीकडून निघाला. मी गुडघ्यावर पडलो. आणि मास्तर, पडलो तिथं, माझ्या नाकासमोर, हाताच्या टप्प्यात, त्याचा घोटा.

“अरारा,” मास्तर म्हणाले.

“असा घोटा पकडवाल्याच्या नशिबात एकदाच येतो. नुसती मूठ मिटायची. पण मूठ मिटली, की गोल त्यांचा. काठावरून कुट्टप्पासाहेब ओरडताहेत, ‘हात आवर!’ अख्खी बराक ओरडतेय, ‘हात! हात!’ बोटांना कळत होतं, मला कळत होतं, घोट्यालासुद्धा कळत असणार. नाही धरला. मी सगळा जोर लावून झाकण वर केलं.”

“आणि?”

“ठण्ण! असा आवाज झाला, की डोंगरावरच्या मठातले लामा बाहेर आले. पक झाकणावर आपटला आणि तिथून परत उडाला तो सरळ आमच्या माणसाच्या काठीपाशी. त्यांची सगळी टीम आमच्या बाजूला जमलेली. त्यांचा गोल मोकळा. आमचा माणूस एकटा गेला आणि पक आत ढकलून आला.”

“झाकणानं?” मास्तर माझ्या तोंडाकडं बघत म्हणाले.

“झाकणानं.”

पडवीत एक ठक् झालं. पुढचं झालं नाही.

मी घाई केली. “सोधीसाहेब स्वतः चालत आले. घसरत आले म्हणा. भर तळ्यावर माझ्याशी हात मिळवला. म्हणाले, ‘निकम, तू म्हणाला होतास तेच खरं. बुखारी फुकट होती, किंमत तुझी होती.’ आता सांगा, मास्तर. अदलाबदलीत कोण जिंकलं? पकडवाला पितळ की सोनं?”

“आधी लग्नाचं सांगा,” मास्तर म्हणाले.

“लग्नाचं काय! दुसऱ्या दिवशी आभाळ मोकळं. पहिलं विमान, खिडकीची जागा. चंदीगडला उतरलो, रेल्वे धरली, साताऱ्यात एसटी धरली, आणि एसटीतून उतरलो तो पळत मांडवात. अंतरपाट धरलेला. भटजी शेवटच्या मंगलाष्टकावर. पाटावर कट्यार. मी कट्यार उचलली, कमरेला खोचली आणि स्वतः पाटावर उभा राहिलो. हौसानं अंतरपाटाखालून माझे फौजी बूट बघितले, आणि अशी लाजली, अशी लाजली—”

“कुणी बघितले बूट?”

हौसा दारात उभी होती. हात कोपरापर्यंत चिंचेनं माखलेले.

“मास्तर भावजी, खोटं आहे. धडधडीत खोटं. अंतरपाटाखालनं मला बूट दिसले न्हाईत. पाट दिसला, आणि पाटावर कट्यार. माझं लगीन कट्यारीशी लागलं. ह्यांचा पत्ता नव्हता.”

मास्तर माझ्याकडं वळले. “म्हणजे सामना हरलात?”

“हरतील कशाला?” हौसाच म्हणाली. “जिंकले. तेवढं एक खरं सांगितलं. पण झाकणानं न्हाई. हे पडले तवाच झाकण हातातनं निसटून लांब गेलं होतं. हात घोट्याकडं जाऊ नयेत म्हणून ह्यांनी दोन्ही हात पोटाखाली दाबून धरले, आणि तोंड पुढं केलं. पक जबड्यावर घेतला. खेचर न् बिचर काही नव्हतं, जबडा त्या तळ्यावर मोडला. सगळी टीम पहिल्या विमानानं गेली. ह्यांची खिडकीची जागा मोकळी गेली, आणि हे जबड्याला तार बांधून दवाखान्यात पडले.”

“तुम्हाला कुणी सांगितलं, वहिनी?”

“ज्यानं मारला त्यानं. पाडव्याच्या आदल्या दिवशी नुर्बू ह्यांना घेऊन आला. त्या टोकापासनं ह्या उंबऱ्यापर्यंत, ह्यांची पेटी डोक्यावर घेऊन. मला म्हणाला, ‘वहिनी, माझा घोटा ह्याच्या हातात होता, तरी ह्यानं धरला न्हाई. बुखारी फुकट होती. किंमत ह्याची होती.’ मामंजी फौजेतले, त्यांनी मला मराठीत सांगितलं आणि डोळे पुसले. मेजर-बिजर कुणी काही म्हणालं नव्हतं.”

मी तोंड उघडलं. हौसानं चिंचेचा हात वर केला.

“आता अदलाबदलीचा निकाल माझ्याकडनं घ्या, भावजी. फाल्गुनात मला कट्यार दिली. चकचकीत, सरळ आणि गप्प. पाडव्याला कट्यार परत घेतली आणि बदल्यात हे दिले. जरा वाकडे होते, पण तोंडाला तार, त्यामुळं तेही गप्प. मी म्हटलं, नगास नग, बरा सौदा झाला.”

ती पदराला हात न लावता परत पडवीकडं वळली.

“मग साताऱ्याच्या डॉक्टरनं ती तार काढली.”